हरळीला पाणी

पाणी रात्री दीडला सुटणार होतं, म्हणून घरात सगळे जागे होते. सोलापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. चार-पाच दिवसांनी पाळी येते, कधी पहाटे तर कधी मध्यरात्री, आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा नंबर घरातल्या बाईला नवऱ्याच्या नंबरापेक्षा जास्त पाठ असतो. बॅरल, घागरी, बादल्या, दोन जुने तेलाचे डबे असं सगळं अंगणात ओळीनं मांडलेलं होतं.

गड्ड्याच्या यात्रेला आलेला माझा मावसभाऊ तेवढ्या वेळात शहाबादी फरशीवर उकिडवा बसून एक उद्योग करत होता. हातात पडद्याच्या अॅल्युमिनियम चॅनलचा हातभर तुकडा, खिशातून काढलेला गोल्फचा चेंडू. चॅनलचं एक टोक फरशीवर टेकवायचं आणि दुसरं हळूहळू उचलायचं. ठरावीक उंचीला आलं की चेंडू आपोआप सुटतो, उतारावरून घरंगळतो आणि पुढं सपाटीवर जिथं थांबेल तिथवरचं अंतर फुटांत मोजायचं. त्याचा चेंडू काही थांबला नाही. बादल्यांच्या रांगेला बगल देऊन तो थेट न्हाणीच्या उंबऱ्यावर जाऊन आपटला.

‘‘दादा, ही फरशी फारच फास्ट आहे,’’ तो म्हणाला. ‘‘आमच्या मेंबरांना आता बारा पाहिजे. आत्ता नऊ आहे.’’

हे नऊ आणि बारा म्हणजे गोल्फच्या हिरवळीचा, ग्रीनचा वेग. हिरवळ म्हणजे शेवटी चेंडू ज्या खळग्यात घालायचा, त्याच्या भोवतीचं अगदी बारीक छाटलेलं गवत. खरं यंत्र ३६ इंच लांबीची खाचेची पट्टी असते, त्याला स्टिम्पमीटर म्हणतात. एडवर्ड स्टिम्पसन नावाच्या अमेरिकन गोल्फरनं १९३५ ची यूएस ओपन ओकमाँटला पाहिली, तिथल्या हिरवळी अवास्तव वेगवान आहेत अशी त्याला शंका आली आणि ती सिद्ध करायला त्यानं ही साधी पट्टी बनवली. हिरवळ फार वेगवान झाली आहे का, हे तपासायला निघालेलं साधन आज जगभरचे क्लब ‘आमची हिरवळ तुमच्यापेक्षा वेगवान’ हे मिरवायला वापरतात. साधनांचं असं होतं.

भावानं अॅग्रीची पदवी घेतली आणि एका खासगी गोल्फ क्लबात मैदानाच्या देखभालीवर लागला. पाण्याची यंत्रणा त्याच्याकडे असते. क्लब कुठला ते लिहीत नाही, आणि लिहून उपयोगही नाही, कारण तो सांगत होता ते अनेक ठिकाणी चालू आहे. मैदानाचा कायापालट होणार आहे. टी, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तो ओटा, अठरा होलांपैकी, म्हणजे टीपासून हिरवळीवरच्या खळग्यापर्यंतच्या टप्प्यांपैकी, बहुतेकांना मागं सरकणार. वाळूचे खड्डे, बंकर, खोल होणार. हिरवळी उकरून त्यांत उंचवटे घालणार. फेअरवे, म्हणजे टी आणि हिरवळीमधला छाटलेला पट्टा, त्याच्या दोन्ही बाजूंचं उंच गवत, रफ, आणखी दाट वाढवणार आणि तळं मोठं करणार. कारण काय, तर कुणी तरुण व्यावसायिक खेळाडू आले आणि पोरखेळ असल्यासारखे खेळून गेले. शेजारच्या क्लबला स्पर्धा मिळाली, आपल्याला नाही. म्हणून मैदान ‘कसोटीचं’ करायचं ठरलं.

आपल्याकडे नाचता येईना त्याचं अंगण वाकडं असतं. इथं कुणाला तरी नाचता फार यायला लागलं म्हणून अंगणच मुद्दाम वाकडं करायला घेतात. मला त्यात तत्त्वाचा आक्षेप नाही. खेळ आहे, अवघड असावा. माझं म्हणणं इतकंच की मैदान अवघड करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात जमीन, पाणी आणि पैसा ओततात, दुसऱ्यात डोकं. आपल्या दख्खनच्या पठारावर कुणी पहिला मार्ग धरत असेल तर तो त्या क्लबाचा खासगी मामला राहत नाही.

आधी पहिल्या मार्गानं काय हाती लागतं ते बघू. अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल हे जगातलं बहुधा सगळ्यात नावाजलेलं खासगी मैदान. १९९७ मध्ये तिथं २१ वर्षांच्या टायगर वुड्सनं मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांच्या फरकानं जिंकली, पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, १८ फटके कमी घेऊन. मैदान तेव्हा ६,९२५ यार्डांचं होतं. क्लबाला ते झोंबलं असावं. आधी तिथं नसलेलं रफ आलं, झाडं लावली गेली, २००२ साठी एकदम २८५ यार्ड वाढवले. गंमत म्हणजे २००२ ची स्पर्धाही टायगरनंच जिंकली. मग २००६ ला आणखी लांबवलं. २००७ मध्ये झॅक जॉन्सन नावाचा, लांब फटक्यांसाठी अजिबात प्रसिद्ध नसलेला खेळाडू पारपेक्षा एक फटका जास्त घेऊन जिंकला. त्या वर्षी मैदान खरंच भीषण अवघड झालं होतं, पण ते केलं होतं थंडीनं आणि वाऱ्यानं. पुढं २०२० मध्ये, १९९७ पेक्षा साडेपाचशे यार्डांची भर पडलेल्या त्याच मैदानावर डस्टिन जॉन्सननं २० फटके कमी घेऊन विक्रम केला. पाऊस पडलेला होता, जमीन मऊ होती. आज मैदान साडेसात हजार यार्डांच्या पुढं गेलंय.

ओळीनं वाचलं की दिसतं, जमीन कडक आणि वारा उलटा असेल तर गुणसंख्या वर जाते, जमीन ओली असेल तर खाली येते. यार्ड वाढवण्याचा परिणाम होतो तो आखूड मारणाऱ्यांवर. म्हणजे ज्याला रोखायचं तो पुढंच जातो आणि बाकीचे मागं पडतात.

ही खोड जुनी आहे. १९५१ च्या यूएस ओपनसाठी मिशिगनमधल्या ओकलंड हिल्स या खासगी क्लबाचं मैदान रॉबर्ट ट्रेंट जोन्सनं इतकं आवळलं की तीन दिवसांत सगळ्या खेळाडूंच्या मिळून फक्त दोनच फेऱ्या पार ७० च्या आत आल्या. बेन होगन पारपेक्षा सात फटके जास्त घेऊन जिंकला आणि मैदानाला राक्षस म्हणून मोकळा झाला. तो शब्द क्लबांना फार आवडला. तेव्हापासून प्रत्येकाला आपल्या अंगणात एक राक्षस हवा असतो. त्याच ओकलंड हिल्सनं अलीकडे पुन्हा काम काढलं आणि २०२१ मध्ये मैदान खुलं केलं ते मैदान मुळात आखणाऱ्या डोनाल्ड रॉसच्या जुन्या, मोकळ्या आराखड्याकडे परत वळून. म्हणजे सत्तर वर्षांनी घड्याळ उलटं फिरवलं, अर्थात त्याचाही खर्च आलाच.

आणि मुळात दुखणं कुठं आहे? चेंडू आता पूर्वीपेक्षा खूप लांब जातो. नव्या गाभ्याचे चेंडू, टायटॅनियमचे ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायचे दांडे, व्यायामशाळेत घडलेले खांदे. हे खेळाच्या नियामक संस्थांनाही मान्य आहे. आर अँड ए आणि यूएसजीए या दोघांनी २०२३ च्या डिसेंबरात चेंडूची चाचणी कडक करून त्याची झेप कमी करायचं जाहीर केलं. झेप काही यार्डांनी जरी आटली तरी जगभरच्या मैदानांची जमीन वाचते. हे सोडून चेंडू लांब जातो म्हणून प्रत्येक क्लबानं जमीन लांबवत बसायचं, याला आमच्याकडे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी म्हणतात.

लहानपणी मी दोन वर्षं तालमीत जात होतो. कुस्ती काही आली नाही, पण हौद्याची माती लक्षात राहिली. ती माती कुणी कठीण करत नाही. चाळलेली तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू. रोज पहाटे फावड्यानं खोदून ती खालवर करायची, म्हणजे पडणाऱ्याला लागू नये. वस्ताद आम्हा नवख्यांना आधी महिनाभर मातीच उकरायला लावायचे. तिथं कुस्तीची कसोटी समोरचा पैलवान घेई. एखाद्या तालमीनं ‘आमच्या हौद्यात दगड टाकलेत, आमची कुस्ती अवघड’ अशी जाहिरात केली असती तर गावानं काय म्हटलं असतं? गोल्फमध्ये समोर पैलवान नसतो, मैदानच प्रतिस्पर्धी असतं, हे मला कळतं. तरी खोल बंकर आणि गुडघाभर रफ पाहिलं की मला ते हौद्यातले दगडच वाटतात. ज्याला येतं तो त्यातून निघतो, आणि रविवारी सकाळी चार मित्रांबरोबर आलेला साठीचा मेंबर सहाव्या होलला कमरेत उसण भरून बसतो.

दगड एक वेळ परवडले. मला भिववतं ते पाणी.

भावाचं म्हणणं, टी मागं नेल्यानं पाण्याचा खर्च फारसा वाढत नाही, तो ओटा केवढासा. पाणी पितात ते दोघं. एक, वेगवान हिरवळ. गवत तीन-साडेतीन मिलिमीटरवर छाटायचं म्हणजे त्याची मुळं वर येतात. मुळं वर आली की एप्रिलच्या उन्हात दुपारी ते माना टाकतं, मग त्याला जगवायला दिवसातून दोन-तीनदा शिंपण. दुसरं, दाट रफ. इंग्लंडात ते पावसावर वाढतं. इकडं नोव्हेंबर ते मे त्याला कोण वाढवणार? पाइपच.

हिशेब मांडणं अवघड नाही. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चार हजार लिटर. उन्हाळ्यात गवताला रोजचे पाच मिलिमीटर धरले तर एकरी वीस हजार लिटर. अठरा होलचं मैदान शंभर एकरांच्या पुढंच असतं, पण हात आखडून म्हणू की हिरवं ठेवायची जमीन पन्नासच एकर. रोजचे दहा लाख लिटर झाले. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे देशातलं प्रमाण मानलं जातं, त्या मापानं ते साडेसात हजार माणसांचं पाणी. हे १३५ लिटर रोज मिळणारा सोलापूरकर मला दाखवा, हा मुद्दा वेगळा.

दुसऱ्या मापानं सांगतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. फोटो सगळ्या देशानं पाहिले. आपण वर ज्या पन्नास एकरांचा हिशेब केला, त्यांना रोज तशा दोन गाड्या लागतील. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं होतं. खेळपट्टीवर पाणी मारायचं की माणसांना द्यायचं, असा प्रश्न उभा राहिला होता. त्या गदारोळात खासगी गोल्फ मैदानांचं नाव मी तरी फारसं ऐकलं नाही. क्रिकेट टीव्हीवर दिसतं, म्हणून सापडलं. गोल्फ कुंपणाच्या आत असतं.

आता इथं एक सोलापूरकर मला हमखास अडवणार, आणि त्याचं बरोबर आहे. तो म्हणेल, उसाचं काय? उजनीचं पाणी कोण पितं ते आख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. एवढे साखर कारखाने उभे असताना तू मूठभर लोकांच्या हिरवळीवर कसला घसरतोस? मान्य. उसाच्या बेरजेपुढं गोल्फ म्हणजे हत्तीपुढं मुंगी. उजनीची साठवण ११७ टीएमसी, त्यातली ६३ च्या वर मृतसाठा, आणि ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे वाक्य आम्ही हवामानासारखं बोलतो. त्याला गोल्फ जबाबदार नाही. पण उसावाल्याला आपण निदान प्रश्न विचारतो. वर्तमानपत्रं विचारतात, आंदोलनं विचारतात, त्याची चुलत्याशी भांडणं होतात. नान्नजच्या बाजूचा द्राक्षवाला ठिबकचे तास मोजून सोडतो, तळ्यातलं पाणी संपलं तर बाग तोडतो. हिरवळीला असा एकही प्रश्न येत नाही, कारण ती ‘खासगी’ आहे.

या खासगी शब्दाचं मला कुतूहल वाटतं. पैसा खासगी आहे, कुंपण खासगी आहे, मेंबरशिप खासगी आहे, इथवर ठीक. बोअरमधून उपसलेलं पाणी मात्र कुंपणाखालून येतं. शेजारच्या वस्तीची विहीर आणि क्लबाचं बोअर एकाच काळ्या पाषाणाच्या फटीतून पितात. जमीनही नेहमी म्हणतात तितकी खासगी नसते. दिल्लीचा गोल्फ क्लब सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेतलेल्या जागेवर आहे, फेअरवेच्या कडेला मुघल काळातले मकबरे उभे आहेत. तिथलं मैदानही गॅरी प्लेअर या नामांकित गोल्फरच्या हाताखाली २०१९ मध्ये नव्यानं घडवलं गेलं. याच्या उलट टोकाला स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स. सगळ्या गोल्फची पंढरी म्हणावी असं मैदान, पण ते लोकांच्या मालकीचं, आणि रविवारी तिथं एरवी खेळ बंद. त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन अठराव्या होलवरून फिरतात. आमच्या पार्क मैदानावर एके काळी संध्याकाळी जशी भेळ आणि गप्पा चालत, तसंच काहीसं.

तर दुसरा मार्ग. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात पाइनहर्स्ट नावाचं रिसॉर्ट आहे, तिथलं दोन नंबरचं मैदान डोनाल्ड रॉसनंच घडवलेलं. वर्षानुवर्षं तिथं फेअरवेच्या कडेनं हिरवंगार रफ वाढवत आले होते. २०१० च्या सुमारास बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीला मैदान सुधारायला बोलावलं. त्यांनी सुमारे ३५ एकर गवत उखडून टाकलं. त्या जागी मूळची वाळू उघडी केली, तिथलं रानगवत परत लावलं. पाण्याचे फवारे अकराशेच्या वर होते, ते साडेचारशेवर आणले. कडेच्या जमिनीला पाणीच बंद. मैदान तपकिरी दिसायला लागलं, जागोजागी करपलेलं. टीव्हीवर ते पाहून नाक मुरडणारे पुष्कळ निघाले, की हे काय वाळवंट. आणि २०१४ मध्ये तिथं पुरुषांची यूएस ओपन झाली, पुढच्याच आठवड्यात त्याच मैदानावर महिलांची. पुरुषांत मार्टिन कायमर नऊ फटके कमी घेऊन जिंकला, पण त्याच्याशिवाय पारच्या आत राहिले ते फक्त दोघे, तेही एकेका फटक्यानं. महिलांत मिशेल वी जिंकली, पारपेक्षा दोन कमी. पाणी तोडूनही मैदान सोपं झालं नाही.

का झालं नाही, तेही बघण्यासारखं आहे. हिरव्या दाट रफमध्ये चेंडू गेला की एकच उपाय असतो, जोर लावून बाहेर काढा. वाळू आणि रानगवताच्या झुडपांत गेला की आधी विचार करावा लागतो. मागून झुडूप आहे का, चेंडू उघडा आहे का, सरळ मारू की आडवा काढू. कडक जमिनीवर चेंडू पडून थांबत नाही, उडतो, पळतो, म्हणून कुठं पाडायचा ते आधी ठरवावं लागतं. २००६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडात हॉयलेकचं मैदान वाळून कोळ झालं होतं. टायगर वुड्सनं चार दिवसांत ड्रायव्हर फक्त एकदा काढला आणि ब्रिटिश ओपन जिंकली. त्यानं १८ फटके कमी घेतले म्हणून मैदानाला कुणी पोरखेळ म्हटलं नाही, कारण जगातला सर्वांत ताकदवान खेळाडू ताकद बॅगेत ठेवून खेळताना दिसत होता. गुणसंख्या कमी आली म्हणून लाज वाटून घेणाऱ्या क्लबांनी ते चार दिवस आठवावेत.

आपल्याकडची उदाहरणंही हेच सांगतात. एसएसपी चौरसिया हा कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा गोल्फ क्लबात माळीकाम करणाऱ्याचा मुलगा. तो क्लब १८२९ चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. तिथंच हा खेळ शिकला. फटका लांब नाही, हात मात्र सोन्याचा. २०१६ ची इंडियन ओपन त्यानं दिल्लीच्या चिंचोळ्या, झुडपांच्या मैदानावर जिंकली. २०१७ ला स्पर्धा गुरुग्रामच्या डीएलएफच्या नव्या, अवघड म्हणून बदनाम असलेल्या मैदानावर गेली, तर तिथंही जिंकली, सात फटक्यांनी. अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली तेव्हा तिचे फटके त्या मैदानावरच्या सर्वांत आखूड फटक्यांपैकी होते, तिनं सगळी लढत हिरवळीवर लढवली. अवघड मैदानामुळं खेळाडू घडतात असं म्हणणाऱ्यांनी या दोघांना काय काय उपयोगी पडलं ते बघावं. सात-साडेसात हजार यार्ड त्यात नाहीत.

अवघडपणाचा भार कुणावर पडतो हेही भावानं सांगितलं, आणि हे मला सुचलं नसतं. रफ वाढवलं की चेंडू हरवतात. मेंबर चेंडू शोधत नाही, त्याची बॅग वाहणारा कॅडी शोधतो. हातातल्या काठीनं गवत बाजूला करत, पुढं पाय टाकत. त्यांच्या मैदानावर घोणस आहेत. दाट ओलं गवत, त्यात बेडूक आणि उंदीर, मग घोणस येणारच. कायापालटाच्या आराखड्यात चोवीस पानं आहेत, रंगीत. ‘कॅडी’ हा शब्द त्यात एकदाच आला आहे, तो त्यांच्या शेडची जागा हलवायची आहे म्हणून.

माझ्यासारख्याला यात काय म्हणायचा अधिकार, असं कुणी विचारेल. मी गोल्फ खेळत नाही, एकदा भावाबरोबर रिकाम्या मैदानावर अकरा वेळा चेंडू हुकवला एवढाच माझा अनुभव. पण ज्या राज्यात ठोक पाण्याचे दर ठरवायला २००५ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे आणि भूजलासाठी वेगळा कायदा आहे, तिथं मोठं मैदान नव्यानं घडवायचं तर दोन-चार गोष्टी विचारल्याच पाहिजेत. पाणी कुठलं? शहराचं सांडपाणी शुद्ध करून वापरणार असाल तर बसा, चहा घ्या, बोलू. बोअरचं किंवा धरणाचं असेल तर मीटरचा आकडा दर महिन्याला गेटवर लावा, पेट्रोलपंपावर दर लावतात तसा. टँकर सुरू झालेल्या तालुक्यात उन्हाळ्यात हिरवळी सोडून बाकी सगळं वाळू द्या. मेंबरांना पिवळं गवत बघवत नसेल तर तो डोळ्यांचा प्रश्न आहे, खेळाचा नाही. आणि रफ वाढवायचंच असेल तर ते इथलं लावा.

हा शेवटचा मुद्दा आम्हाला शेतात सुचला. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी नान्नजच्या अलीकडे काकांच्या, म्हणजे भावाच्या वडिलांच्या शेतात आम्ही हुरड्याला गेलो होतो. आगटीभोवती बसलेलो, मालदांडीची कणसं भाजून निघत होती, शेंगाचटणी होती, गूळ होता. शेताला लागून माळरान आहे, माळढोकाच्या अभयारण्याकडे पसरत गेलेलं. माळढोक आता सहसा दिसत नाही, गवत आहे. कुसळी, पवन्या, मारवेल. जानेवारीत सगळं सोनेरी, मांडीइतकं उंच, वाऱ्यानं एका अंगाला झोपलेलं. भाऊ चालत त्यात गेला, खिशातला चेंडू टाकला आणि काठी गोल्फच्या दांड्यासारखी धरून बघायला लागला. बाहेर आला तेव्हा पॅंटला गुडघ्यापर्यंत कुसळं टोचलेली.

‘‘दादा, यातनं चेंडू निघतो,’’ कुसळं उपटत तो म्हणाला, ‘‘पण कुठं जाईल ते सांगता येत नाही. याच्याएवढं अवघड रफ आमच्या कमिटीला पाचपट पैशात मिळणार नाही. आणि थेंब पाणी नको. गच्च नसतं, बुडखे सुटे असतात, खाली जमीन दिसते. कॅडीला पाय कुठं ठेवायचा ते कळेल.’’

मग तो बांधावर गेला आणि गुडघ्यावर बसून हरळी उपटायला लागला. गोल्फवाले जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि जिच्या संकरित जाती महागात आणून लावतात, ती मुळात आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. काकांनी आयुष्यभर तिच्याशी वैर केलंय. काळ्या रानात हरळी शिरली की पीक गेलं. नांगर खोल घालून, काशा वेचून, उन्हात वाळवून, जाळून तिला हटवावं लागतं, तरी एक कांडी राहिली की पावसाळ्यात परत हजर. भावाला पाहिजे होती ती बांधाच्या अगदी कोरड्या कडेची, जिला पावसाशिवाय कधी पाणी मिळालं नाही अशी. एप्रिल-मेमध्ये नर्सरीत पाणी तोडून कुठली टिकते ते त्याला बघायचं होतं.

काका आगटीपाशी बसून बराच वेळ बघत होते.

‘‘काय करायलास बे तिकडं?’’

‘‘हरळी नेतोय, अण्णा. क्लबात लावायला.’’

‘‘लावायला?’’ काकांनी हातातलं कणीस खाली ठेवलं. मग म्हणाले, ‘‘ने की. विहिरीच्या अंगाला लई आहे, समदी ने. परत आणू नको म्हणजे झालं.’’